घटक ६ : कचरा डेपो, नदी आणि पिण्याचे पाणी

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर कचऱ्याच्या ढिगाखालून भूजलापर्यंत आणि तेथून नदीपर्यंत होणारा दूषित पाण्याचा प्रवास आपल्याला स्पष्ट करता येईल. पाणी तपासणीच्या अहवालातील नोंदींचा अर्थ लावता येईल. तसेच या विषयावर पुराव्यानिशी, संयमित भाषेत निवेदन लिहिता येईल. पदवीच्या मराठी अभ्यासक्रमात हा विषय का, असा प्रश्न काही विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर ६.८ मध्ये मिळेल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आरंभ एका शब्दापासून करू. ‘डेपो’ हा शब्द एस.टी.मुळे महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचला. डेपो म्हणजे वस्तू येण्याची, काही काळ थांबण्याची आणि पुढे जाण्याची जागा. रात्री मुक्कामाला आलेली एस.टी. पहाटे डेपोतून बाहेर पडते. ‘कचरा डेपो’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तेथे गाड्या भरून येतात आणि रिकाम्या परत जातात. आलेला कचरा पुढे कोठेही जात नाही. शासकीय मराठीतील ‘क्षेपणभूमी’ हा शब्द बोजड असला तरी अधिक प्रामाणिक आहे, कारण टाकण्याची जागा एवढाच त्याचा अर्थ होतो.

तथापि, डेपोतून काहीच बाहेर पडत नाही असेही नाही. वायू वर जातो, धूर वाऱ्याबरोबर पसरतो आणि पाणी खाली जाते. धूर दिसतो, दुर्गंधी जाणवते, म्हणून त्यांच्याविषयी तक्रारी होतात, बातम्या येतात. खाली जाणारे पाणी दिसत नाही. ते विहिरीत प्रकट होते तेव्हा काही वर्षे उलटून गेलेली असतात आणि ते परत बोलावण्याचा मार्ग बहुधा उरलेला नसतो. या घटकातील सर्व विवेचन या एका वस्तुस्थितीभोवती फिरणार आहे.

६.३ कचऱ्याचे पाणी

आपल्याकडील शहरी कचऱ्याचा सुमारे निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा यांत मुळातच पुष्कळ पाणी असते. ढीग चढत जातो तसे वरच्या वजनाने हे पाणी पिळून निघते. त्यात पावसाच्या पाण्याची भर पडते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी उघड्या ढिगाच्या प्रत्येक हेक्टरवर सत्तर लाख लिटर पाणी पडते. त्यातील एक दशांशच आत मुरते असे धरले, तरी सात लाख लिटर पाणी कचऱ्यातून गाळले जाऊन तळाशी पोचते. चहाच्या गाळणीतून जसा अर्क उतरतो, तसा हा कचऱ्याचा अर्क असतो. शास्त्रीय आणि प्रशासकीय लेखनात त्याला ‘लिचेट’ म्हणतात. डेपोजवळ राहणारे लोक त्याला नुसते ‘काळे पाणी’ म्हणतात, आणि ते वर्णन अचूक आहे.

लिचेटचा स्वभाव ढिगाच्या वयाप्रमाणे बदलतो. ढीग नवा असताना आतील कुजण्याच्या क्रियेतून आम्ले तयार होतात. कचऱ्यात मिसळलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, विजेची उपकरणे यांतील धातू या आम्लधर्मी पाण्यात सहज विरघळतात. पुढे ढीग जुना होतो, मिथेन वायू तयार होऊ लागतो, आम्लता कमी होते आणि धातू विरघळण्याचे प्रमाण घटते. मात्र अमोनिया आणि सहजासहजी न कुजणारी सेंद्रिय द्रव्ये दीर्घकाळ शिल्लक राहतात. म्हणून ‘डेपो बंद झाला, प्रश्न मिटला’ असे म्हणता येत नाही. गाड्या थांबल्या तरी पाऊस पडतच राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओला आणि सुका कचरा एकत्र टाकल्यानेच हे सारे घडते. कोरडा कचरा स्वतः पाणी सोडत नाही आणि केवळ ओल्या कचऱ्याचे खत होऊ शकते. दोहोंची भेट झाली की धातूंना वाहून नेणारे आम्लधर्मी वाहन मिळते.

६.४ खडकाखालचा प्रवास

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. यालाच आपण काळा पाषाण म्हणतो. हा खडक स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. वरचा मुरमाचा थर, त्याखालच्या झिजलेल्या खडकातील भेगा आणि मांजऱ्या खडकातील पोकळ्या एवढ्यातच पाणी साठते व वाहते. पाणी धरणाऱ्या अशा थराला ‘जलधर’ म्हणतात. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना हे पुस्तकाविना ठाऊक असे. कोणत्या बाजूने झरा येणार, हे ते खडकाचा रंग आणि भेगांची दिशा पाहून सांगत.

या भूरचनेचे दोन परिणाम होतात. मातीच्या जाड थरातून हळूहळू झिरपताना पाण्याची काही प्रमाणात नैसर्गिक गाळणी होते, ती भेगांतून वाहताना होत नाही. शिवाय दूषित पाणी सर्व दिशांना सारखे न पसरता भेगेच्या वाटेने जाते. त्यामुळे डेपोपासून दोनशे मीटरवरची विहीर चांगली आणि आठशे मीटरवरची खराब, असेही घडू शकते. ‘अमुक अंतरावरची विहीर चांगली आहे, तेव्हा दूषितीकरण नाही,’ हा युक्तिवाद बेसाल्टच्या प्रदेशात टिकत नाही.

कचरा टाकण्यासाठी सोडून दिलेल्या दगडखाणी निवडण्याची आपल्याकडे रीत आहे. खड्डा आयताच मिळतो आणि जमीन पडीक असते, म्हणून हिशेब सोपा वाटतो. वास्तविक पाण्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा क्वचितच असेल. खाणीत वरची माती आणि मुरूम आधीच निघून गेलेले असतात, सुरुंगांनी खडकाला नव्या भेगा पडलेल्या असतात आणि खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या अधिक जवळ गेलेला असतो. कोकणात आणि गोव्यात बेसाल्टऐवजी सच्छिद्र जांभा खडक वर असतो. तेथे पाऊस भरपूर आणि विहिरी घरोघरी असतात. मडगावजवळच्या सोनसड्याच्या ढिगाविषयीची चिंता समजून घेताना ही भूरचना डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

आता नदीकडे वळू. कचऱ्याचे पाणी नदीला दोन वाटांनी मिळते. पहिली वाट उघड आहे. पावसाळ्यात ढिगावरून वाहणारे पाणी नाल्यात, नाल्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. दुसरी वाट लपलेली आहे. पावसाळा संपल्यावर नदीत जो प्रवाह राहतो, त्यातील बराच भाग काठच्या जमिनीतून पाझरणारे भूजल असतो. म्हणजे जलधर दूषित झाला असेल, तर ते पाणी नदीत येते ते नेमके प्रवाह क्षीण असताना. महाराष्ट्रातील अनेक नळपाणी योजनांची उद्भव विहीर नदीच्या पात्रात किंवा काठावर असते. ही योजना कागदावर ‘नदीवर आधारित’ असली, तरी उन्हाळ्यात ती बऱ्याच अंशी भूजलावरच चालते, हे आपण सहसा विसरतो.

६.५ उरुळी देवाची आणि फुरसुंगी

पुणे शहराच्या आग्नेयेस, हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने दिवे घाटाकडे जाते. १९८० च्या दशकापासून पुण्याचा कचरा येथे येऊ लागला. शहर वाढले, कोथरूडचा जुना कचरा डेपो बंद झाला आणि येथील भार वाढत गेला. पुढे डेपोचे क्षेत्र १६३ एकरांपर्यंत पोचले. दीर्घकाळ मिश्र कचरा उघड्यावर टाकला गेला आणि परिसरातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही. मग महानगरपालिकेचे टँकर गावात येऊ लागले.

या टँकरचा अर्थ काय, यावर थोडे थांबून विचार करावा. विहीर ही केवळ पाण्याची सोय नसते. ती कोणाच्या आजोबांनी खणली, कोणत्या वर्षी आटली, कोणत्या दुष्काळात साऱ्या आळीने तिच्यावर तग धरला, याची गावाला आठवण असते. विहिरीचे पाणी माणूस हवे तेव्हा शेंदतो. टँकर येईल तेव्हाच पाणी मिळते, त्यासाठी घरातील एकाला, बहुधा एखाद्या बाईला, कामधंदा सोडून थांबावे लागते. टँकरने पाणी मिळाले म्हणून नुकसान भरून निघाले, असे मानणारा हिशेब फक्त लिटर मोजतो.

ग्रामस्थांनी वारंवार आंदोलने केली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोरही गेले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला लागलेल्या आगीनंतर लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचू लागला. शहराला आपला कचरा कोठे जातो याचे स्मरण बहुधा अशाच दिवसांत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. जुन्या ढिगाचा काही भाग मातीने व प्लास्टिकच्या आवरणाने झाकणे, म्हणजे ‘कॅपिंग’, आणि जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करणे, म्हणजे ‘बायोमायनिंग’, ही कामेही तेथे हाती घेण्यात आली. ही कामे आवश्यक आहेत. त्यांनी पुढचे झिरपणे कमी होते. जे आधीच खडकात उतरले आहे, ते मात्र या उपायांनी बाहेर येत नाही. पावसाने हळूहळू ते विरळ होण्याची वाट पाहावी लागते.

या परिसरातील पाणी मुळा-मुठा नदीकडे उतरते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेवर उजनी धरण आहे, ज्यातून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मिळते. मुळा-मुठेच्या प्रदूषणात सांडपाण्याचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे सारा दोष कचऱ्यावर ठेवणे योग्य नव्हे. परंतु कचरा ‘गावाबाहेर’ टाकला असे आपण म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्या गावात आणि कोणाच्या तरी पाण्याच्या वरच्या अंगाला टाकलेला असतो, हे या नकाशावरून कळते. २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) नारेगावच्या परिसरातील लोकांनी कचरा घेण्यास नकार दिल्यावर शहराची जी कोंडी झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या गावाचा किंवा शहराचा कचरा कोठे टाकला जातो? त्या जागेच्या उताराच्या बाजूला पहिली विहीर, पहिला ओढा आणि पहिली वस्ती कोणती? एका कागदावर साधा नकाशा काढा आणि उताराची दिशा बाणाने दाखवा. पुढील भाग वाचताना हा कागद जवळ ठेवा.

६.६ अहवाल कसा वाचावा

पाण्याच्या तपासणीचा अहवाल हा एक प्रकारचा मजकूरच आहे आणि तो वाचण्याची रीत असते. भारतीय मानक १०५०० (२०१२) मध्ये पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत. एक ‘स्वीकार्य’ मर्यादा आणि दुसरी, अन्य स्रोत उपलब्ध नसेल तर चालवून घेण्याची ‘अनुज्ञेय’ मर्यादा. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी त्या लिटरला ५०० आणि २००० मिलिग्रॅम, तर क्लोराइडसाठी २५० आणि १००० मिलिग्रॅम आहेत. नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅम ही एकच मर्यादा असून तिच्यात सवलत नाही. याचे कारण गंभीर आहे. नायट्रेट अधिक असलेले पाणी दुधाच्या पावडरीतून तान्ह्या बाळाच्या पोटात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते.

समजा, आपल्यासमोर दोन विहिरींचे अहवाल आहेत. आकडे सरावासाठी घेतलेले काल्पनिक आहेत. डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीत क्षार ४१०, क्लोराइड ४८ आणि नायट्रेट १८ आहे. उताराच्या बाजूच्या विहिरीत क्षार १६४०, क्लोराइड ५२० आणि नायट्रेट ४१ आहे. दुसरा अहवाल एकटा वाचला तर सर्व आकडे अनुज्ञेय मर्यादेच्या आत आहेत. ‘अन्य स्रोत नसल्यास वापरण्यास हरकत नाही’ असा शेरा त्यावर पडू शकतो आणि प्रकरण तेथेच मिटू शकते. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की चित्र पालटते. एकाच गावात, एकाच खडकात क्षार चौपट आणि क्लोराइड जवळजवळ अकरा पट का व्हावे?

क्लोराइड येथे विशेष महत्त्वाचे आहे. ते स्वतः फारसे घातक नसते. पण ते मातीला चिकटत नाही, कुजत नाही, पाण्याबरोबर त्याच वेगाने पुढे सरकते. धातू आणि सेंद्रिय द्रव्ये मागे रेंगाळतात, क्लोराइड आधी पोचते. म्हणून वर्षानुवर्षे वाढत जाणारे क्लोराइड हा पुढे येणाऱ्या संकटाचा निरोप समजावा. अर्थात न्याय्य वाचन दोन्ही बाजूंनी करावे लागते. क्लोराइड आणि नायट्रेट शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून, गोठ्यांतून येऊ शकतात. नायट्रेट शेतातील युरियामुळेही वाढते. म्हणूनच वरच्या अंगाची विहीर तपासणे अपरिहार्य ठरते. तिच्या परिसरात शेती, गोठे, शौचालये तशीच असतील आणि फक्त डेपो नसेल, तर तुलनेला अर्थ येतो.

आपल्या गावात पाणी शुद्धीकरणाचे काम करणाऱ्या जलसुरक्षकाकडेही एक पुरावा असतो, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. पाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये वाढली की टाकलेली टी.सी.एल. पावडर त्यांच्यावरच खर्च होते. नेहमीएवढी पावडर टाकूनही ओ.टी. परीक्षणात अपेक्षित पिवळा रंग येत नाही. जलसुरक्षकाची वही नीट राखलेली असेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालाच्या कितीतरी आधी ती बदल सांगू शकते. एरवी ती वही पंचायतीच्या कपाटात पडून राहते.

जाता जाता एका समजुतीविषयी. ‘उकळून प्या’ हा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे. नायट्रेट, क्षार आणि धातू उकळल्याने जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

६.७ नियम आणि व्यवहार

अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या पाठपुराव्यातून घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम आले. त्यांची जागा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. भूभरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर आणि वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी, असे २०१६ च्या नियमांनी ठरवले होते. पूरक्षेत्रात ती नसावी. तळाशी ९० सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर हवे. चिकणमाती एवढी घट्ट हवी, की पाणी तिच्यातून सेकंदाला सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जलद जाऊ नये. ढोबळमानाने हिशेब केला, तर वर्षाला सुमारे तीन सेंटीमीटर. नव्वद सेंटीमीटरचा थर पार करण्यास पाण्याला तीस वर्षे लागतील. मुरमाच्या भेगेतून तेच पाणी किती दिवसांत जाईल, याची कल्पना आपण करू शकतो. अस्तराचे महत्त्व येथे आहे. ते पाणी कायमचे अडवत नाही, ते वेळ मिळवून देते. त्या वेळात तळाशी साठलेले लिचेट नळ्यांनी गोळा करून शुद्ध करावयाचे असते.

या नियमांतील एक तरतूद क्वचितच चर्चेत येते. भूभराव सुरू करण्यापूर्वी परिसरातील भूजलाच्या गुणवत्तेची माहिती गोळा करून ती पुढील तुलनेसाठी जपून ठेवावी, अशी ती तरतूद आहे. भूभराव सुरू झाल्यावर त्याच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी भूजलाची तपासणी व्हावी, असेही म्हटले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते अस्तराइतकीच ही तरतूद महत्त्वाची आहे. पहिली नोंदच नसेल, तर विहीर डेपोमुळे बिघडली हे सिद्ध करण्याचा भार गावावर पडतो. ‘तुमचे पाणी आधीपासूनच खारट होते,’ या एका वाक्यापुढे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव निरुत्तर होतो.

कायद्याचे पाठबळ याहून जुने आहे. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा दूषित द्रव्य प्रवाहात किंवा विहिरीत सोडण्यास मनाई करतो आणि त्यातील ‘प्रवाह’ या संज्ञेत भूमिगत पाणीही येते. १९८० च्या रतलाम नगरपालिका प्रकरणात, निधी नाही ही सबब सांगून नगरपालिकेला सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे १९९१ च्या सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात मान्य झाले.

मग व्यवहारात अडते कोठे? एक उत्तर असे की सारे लक्ष ढिगाच्या तळावर असते आणि ढिगाकडे येणाऱ्या गाडीवर नसते. भूभरावात केवळ पुनर्वापर अशक्य असलेला, निष्क्रिय कचरा जावा, असे नियम सांगतात. ओला कचरा तेथे पोचलाच नाही, तर लिचेटचा मुख्य स्रोत आटतो. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने हे करून दाखवले. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तेथे घरोघरी काटेकोर वर्गीकरण सुरू झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत तयार होऊ लागले आणि पूर्वीची कचरा टाकण्याची जागा लोक पाहायला जातील अशी झाली. वेंगुर्ला लहान आहे, पुण्यासारख्या महानगराला तेच जसेच्या तसे लागू होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पुण्यातही कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ पासून कार्यरत आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करून त्यातील सुका माल वेगळा काढते. डेपोकडे जाणाऱ्या प्रत्येक बॅटरीगणिक आणि प्रत्येक किलो भाजीपाल्यागणिक उताराच्या विहिरीवरील भार वाढतो. या कष्टकऱ्यांचे काम जलसंरक्षणाच्या खात्यात कोणी मांडत नाही. मांडायला हवे.

६.८ निवेदन लिहिताना

पदवीच्या मराठी अभ्यासक्रमाशी या विषयाचा संबंध येथे येतो. दूषित पाण्याविषयीची निवेदने बहुधा अशी असतात : ‘आमच्या गावातील पाणी अत्यंत दूषित झाले असून ग्रामस्थांचे आरोग्य धोक्यात आले आहे. तरी आपण तातडीने योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’ यातील प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरीही या निवेदनावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढाच शेरा पडतो, कारण त्यात कार्यवाही करण्याजोगे काहीच नाही. कोणती विहीर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या मोजणीनुसार, कोणत्या नियमाचा भंग, कोणाकडून काय अपेक्षित, हे सारे वाचणाऱ्याने शोधून काढायचे असते आणि तो ते शोधत नाही.

त्याऐवजी असे लिहून पाहू : ‘गावाच्या पूर्वेस असलेली सार्वजनिक विहीर कचरा डेपोच्या उताराच्या बाजूस सुमारे ३०० मीटर अंतरावर आहे. मे आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांतील तपासणीत तिच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण डेपोच्या वरच्या बाजूच्या विहिरीच्या तुलनेत दहा पटींहून अधिक आढळले. दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. डेपो सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या भूजल तपासणीची आणि मागील तीन वर्षांतील हंगामनिहाय तपासणीची प्रत आम्हांस मिळावी. तपासणी झाली नसल्यास तसे लेखी कळवावे.’

दुसऱ्या निवेदनात भावना चाळवणारे एकही विशेषण नाही. ‘अत्यंत’ नाही, ‘भयंकर’ नाही, रागही नाही. पण शेवटच्या वाक्याला उत्तर देणे भाग पडते. प्रत दिली तर तुलना होते आणि ‘तपासणी झाली नाही’ असे लिहून दिले तर तोच पुरावा होतो. मागणी लहान, निश्चित आणि नोंदींशी बांधलेली असावी. हीच माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा स्थानिक संस्थेकडेही मागता येते.

आणखी एक सूचना. निवेदनात ‘लिचेट’ हा शब्द वापरावा की ‘कचऱ्याचे काळे पाणी’? दोन्ही वापरावेत. पहिल्या उल्लेखात ‘डेपोतून झिरपणारे काळे पाणी (लिचेट)’ असे लिहिले, की अधिकाऱ्याला नियमातील संज्ञा सापडते आणि ग्रामसभेत निवेदन वाचले जाते तेव्हा मागच्या रांगेतील आजीलाही ते आपल्याच विहिरीविषयी आहे हे समजते. ज्यांच्या सह्या घ्यायच्या, त्यांना मजकूर कळला पाहिजे.

६.९ स्वाध्याय

१. ‘डेपो बंद केल्याने भूजलाचा धोका संपत नाही.’ लिचेटच्या बदलत्या स्वरूपाच्या आधारे या विधानाची चर्चा सुमारे २०० शब्दांत करा.

२. बेसाल्टच्या प्रदेशात केवळ डेपोपासूनच्या अंतरावरून विहिरीच्या सुरक्षिततेचा निष्कर्ष का काढता येत नाही?

३. टँकरने पाणी पुरवल्यामुळे कोणते नुकसान भरून निघते आणि कोणते निघत नाही? आपल्या परिसरातील एखाद्या वयस्क व्यक्तीशी गावच्या विहिरीविषयी बोलून, त्यांच्या बोलीतील शब्द तसेच ठेवून, दीड पानाचे टिपण लिहा.

४. उपक्रम : आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या पाण्याचा अलीकडील तपासणी अहवाल मिळवा. त्यातील क्षार, क्लोराइड आणि नायट्रेट यांचे आकडे, नमुना घेतल्याची तारीख आणि नमुन्याचे ठिकाण वहीत उतरवून घ्या. आपल्या परिसरात आज कचरा डेपो नसला तरीही ही नोंद करा. तारीख घालण्यास विसरू नका.